एका सरावाचं परीक्षण

वर्तमानपत्रवाले मैफलींची परीक्षणं छापतात. बुवांचा आवाज तापला की नाही, तबलजीनं साथ केली की सूड उगवला, सगळं सविस्तर येतं. पण जिच्या जोरावर मैफल उभी राहते त्या मेहनतीचं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही. समीक्षकाला रियाजाचे पास मिळत नाहीत हे एक कारण, आणि मिळाले तरी तो जाणार नाही हे दुसरं. ही उणीव मी भरून काढतो आहे. विषय: मुक्काम पाटस, रोज रात्री नऊ ते सव्वानऊ, शिकाऊ गिटारवादकाचा सराव. वादक मी, समीक्षकही मीच. बँकेत व्हाउचर करणारा आणि पास करणारा एकच माणूस निघाला तर ऑडिटर हरकत घेतो. साहित्यात चालतं म्हणे.

गिटार चिरंजीवांची. ते ऑगस्टात इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेले. होस्टेलच्या खोलीत तीन मुलं, चौथी गिटार मावेना, म्हणून ती कपाटाच्या बाजूला उभी राहिली. इथं होता तेव्हा रोज रात्री तो एकच तुकडा वाजवायचा आणि मी रोज एकच वाक्य बोलायचो, "अरे, अभ्यास कर." तो गेल्यावर नऊ वाजले की घर एकदम गप्प व्हायला लागलं. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक गियर बदलतात तेही आत ऐकू येई. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की आमच्याकडे कर्जखातं अनुत्पादक ठरतं. साधारण तेवढेच दिवस झाल्यावर मी गिटारवरची धूळ पुसली. "विकताय की काय?" सौ.नं विचारलं.

माझं शिक्षण बी.कॉम. त्यात संगीत कुठंही नव्हतं. गिटार म्हटलं की मला 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची तबकडी आठवायची. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवत, त्यामुळे मीही बैठक मारून ती मांडीवर घेतली. फोनवरून चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती पद्धत वेगळी. आपली उभी धरायची, बोटांनी तारा दाबायच्या." दाबल्या. आठवड्याभरात बोटांची टोकं अशी हुळहुळली की नोटा मोजताना तोंडातून 'आई गं' निघे, आणि समोरच्या खातेदाराला वाटे, पैसे द्यायचं साहेबांच्या जिवावर आलंय.

या बाबतीत हिंदी सिनेमानं आपली घोर फसवणूक केली आहे. १९८० चा 'कर्ज' घ्या. (नाव वाचून आम्हा बँकवाल्यांनी मोठ्या आशेनं पाहिलेला सिनेमा. वसुली पुढच्या जन्मात का होईना, झाली.) त्यात ऋषी कपूर गिटार छेडतो आणि त्याला मागचा जन्म आठवतो. मधली वर्षं त्यानं रोज किती वेळ सराव केला, बोटांना घट्टे पडले का, शेजारी भांडायला आले का, याचा पत्ता नाही. हिरोच्या गळ्यात गिटार येते ती वाजती होऊनच येते.

दुसरी फसवणूक 'पंधरा दिवसांत गिटार' छापाच्या पुस्तकांची आणि व्हिडिओंची. पंधरा दिवसांत दामदुप्पट करून देणाऱ्यापासून लांब राहा, असं मी काउंटरवरून लोकांना कानीकपाळी ओरडून सांगतो, आणि मीच तसलं पुस्तक आणलं! पहिल्या पानावर गिटारच्या भागांची नावं, दुसऱ्यावर सूर जुळवणं आणि चौथ्या पानावर अख्खं गाणं. मधल्या तिसऱ्या पानावर निदान सहा महिने असायला हवेत, ते नाहीत. ही माझी तक्रार गंभीर आहे. चौथ्या पानावर अडकलेला माणूस पुस्तकाला बोल लावत नाही, 'आपल्यात कलाच नाही' म्हणून गिटार ठेवून देतो.

मी ठेवली नाही, कारण एका तारेवर एक धून मला जमली. मग रोज तीच. पाव तास तीच! सराव उत्तम चालला आहे असं माझं मत झालं. त्याला तडा दिला मागच्या आळीतल्या आबांनी. ते हरिपाठाला पखवाज धरतात. पासबुक भरून घ्यायला आले आणि खिडकीतून म्हणाले, "सायेब, राग मानू नका. रातच्याला तुमचं तुणतुणं ऐकतो. पर तुम्ही शिकता कवा? जे येतंय तेच घोळिवताय. आमच्या बुवांनी मला वरीसभर एक ठेका दिला व्हता. हात जितं आडखळायचा, तितनंच परत."

रांगेत सात माणसं होती. एवढं नेमकं परीक्षण इतक्या जाहीरपणे क्वचितच कुणाचं झालं असेल.

माझा हात अडखळत होता जी कॉर्डवरून सीवर जाताना. इथं तीन बोटांच्या एकदम बदल्या होतात. एक रुजू होतं, दुसरं वाटेत असतं, तिसरं जुना चार्ज सोडायला तयार नसतं. तोवर उजवा हात थांबतो आणि गाण्याला उचकी लागते. चिरंजीवांनी उपाय धाडला. जस्टिन सँडरको नावाचे ऑस्ट्रेलियन गिटारमास्तर इंटरनेटवर शिकवतात. त्यांचा व्यायाम असा: घड्याळ लावायचं, एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती बदल होतात ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. लिहून ठेवायचं! जन्मभर दुसरं केलंय काय? जुनं लेजर काढलं, रकाने आखले. पहिल्या दिवशी सात. पंधरवड्यानं एकोणीस. महिन्यानं एकतीस.

पण याही पद्धतीत खोट आहे, किंवा माझ्यात असेल. टार्गेट आलं की शिल्लक नसलेली खाती कशी भराभर उघडली जातात, हे मी जवळून पाहिलंय. माझे एकतीस बदल त्याच जातीचे होते. बोटं जागेवर टेकत, तारा मात्र मुक्या नाहीतर खरखरत. सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, आकडा वाढतोय, पण वाजत काहीच नाही हो."

नियम बदलला. कॉर्डच्या साऱ्या तारा स्वच्छ बोलल्या तरच बदल जमा, नाहीतर खोडायचा. एकतीसचे एकदम अकरा झाले. त्या रात्री जेवण गेलं नाही. मात्र हळू, अगदी मुंगीच्या पावलानं बोटं हलवली, ती तारेपासून लांब न उचलता एकदम टेकवायला लागलो, तेव्हा अकराचे चौदा झाले. एका रात्री तेरा, मग पुन्हा चौदा. शाखेत मुक्काम ठोकावा लागला त्या दिवशी शून्य, आणि दुसऱ्या दिवशी दहा. एक दिवस चुकला तर दंड लागतो, आणि रविवारी दोन तास बसून तो भरता येत नाही. करून पाहिलं. बोटं सुजली, आकडा दहाच.

श्रोतृवर्गाबद्दल लिहायलाच हवं. सध्या उसाचा हंगाम आहे. रात्री जोडट्रॉलीचा ट्रॅक्टर गाणी लावून वेशीवरून जातो, तेवढा वेळ माझं वादन कुणालाही, मलासुद्धा, ऐकू येत नाही. तो गेला की पुन्हा जी, सी. परवा मी कंटाळून पाच मिनिटं आधीच थांबलो, तर आतून आवाज आला, "का हो, बरं वाटत नाही का?"

काल चिरंजीवांचा फोन होता. खोलीतला एक मुलगा सोडून चालला, जागा झाली आहे. होळीला शटलनं येतो आणि गिटार घेऊन जातो म्हणाला. मी "ने की, तुझीच आहे" म्हटलं. लेजरची गोष्ट त्याला पूर्ण सांगितलेली नाही. होळीला बावीस दिवस आहेत. जी ते सी कालच्या तारखेला सव्वीस आहे, सगळे स्वच्छ. पण त्याच्या त्या तुकड्यात मधे एफ येतो, ज्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं पाडावं लागतं, आणि तिथं माझ्या नावावर आजवर तीन जमा आहेत.

परीक्षण इथंच थांबवतो. नऊ वाजून गेले.