ग्रंथस्वामित्वाचा मूळ हेतु

इंग्लंडांत १७१० सालीं ग्रंथस्वामित्वाचा कायदा झाला तो विद्येच्या उत्तेजनार्थ, असें त्याच्या शीर्षकांतच नमूद आहे. नव्या ग्रंथास १४ वर्षें संरक्षण. त्यानंतर कर्ता हयात असल्यास आणखी १४. पुढें ग्रंथ सर्वांचा. आमच्या १९५७ च्या कायद्यानें संरक्षण कर्त्याच्या निधनानंतर ५० वर्षें चालूं ठेविलें. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर भरत आली, तेव्हां ती ६० करण्यांत आली. विश्वभारतीस लाभ झाला हें खरें. पण दिवंगत कवीच्या लेखणीस त्यानें कोणतें उत्तेजन मिळालें?

लेखकास त्याच्या श्रमाचें मोल मिळावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु ज्या मराठी ग्रंथाची पुन्हां आवृत्ति निघत नाहीं व ज्याचे वारस सांपडत नाहींत, त्याचें हीं ६० वर्षें रक्षण होतें तें केवळ वाळवीसाठीं! क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेनें २००२ पासून काढलेले मुक्त परवाने कायदा मोडीत नाहींत. त्याच्याच आधारें कर्ता म्हणतो, 'माझें नांव राखा आणि प्रती खुशाल काढा.' हयात लेखकांनीं आपल्या दुर्मिळ झालेल्या ग्रंथांपुरता तरी असा परवाना द्यावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.