दुःखिताशेजारीं बसण्याची विद्या

अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं केनेथ हाउक नांवाचे एक पाळक होते. ते मानसशास्त्रज्ञहि होते. मंडळींत मृत्यु, आजार, घटस्फोट, बेकारी यांनीं गांजलेलीं माणसें पुष्कळ, आणि पाळक एकटा! म्हणून १९७५ सालीं त्यांनीं नऊ सामान्य सभासदांस शिकवून तयार केलें. त्या प्रत्येकानें एका दुःखिताकडे दर आठवड्यास तासभर जाऊन बसावें, पुरुषानें पुरुषाकडे, स्त्रीनें स्त्रीकडे, अशी योजना होती. ती पुढें हजारों मंडळ्यांत पसरली. तिच्यामागील विचार हाउक यांच्या 'ख्रिश्चन केअरगिव्हिंग' (१९८४) या पुस्तकांत आहे.

मूळ योजनेंत हें शिक्षण सुमारें ५० तासांचें होतें. माया का कुठें शिकवून येते, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्या मनांतहि तो आला. परंतु पुस्तक वाचतांना ध्यानांत येतें कीं शिकवावयाची आहे ती माया नव्हे, संयम. काळजी वाहणें माणसाचें काम, बरें करणें देवाचें, हा हाउक यांच्या विवेचनाचा कणा आहे. आपल्याकडे समाचारास येणारे गृहस्थ आठवावे. 'धीर धरा', 'ईश्वरेच्छा', 'आमच्या मामांचेंहि असेंच झालें' इत्यादि बोलून ते उठतात, आणि घरच्यांस त्यांचें समाधान करावें लागतें! दुःख आपण निवारलेंच पाहिजे या समजुतींतून ही बडबड उपजते. तो भार उतरला म्हणजे ऐकणें शक्य होतें. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. तोंड उघडलें आणि सारें बिघडलें.

या स्वयंसेवकांस नांव मिळालें आहे तें स्तेफनाचें. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपांत उपेक्षा होऊं लागली, तेव्हां निवडलेल्या सात जणांपैकीं तो एक. पण बायबलांत त्याचें लांबलचक भाषणच तेवढें सविस्तर आलें आहे. ऐकण्याचें व्रत घेणारांस आश्रयदाता लाभला तो वक्ता! असो.

आम्हांस खरें खटकतें तें दुसरेंच. प्रार्थना, बायबल, क्षमा, आशीर्वाद यांची गणना ग्रंथकार काळजीवाहकाच्या 'हत्यारां'त करतात. त्यांच्या दुरुपयोगाविषयीं ते बजावतातहि. परंतु सुताराच्या पेटींतील पटाशीप्रमाणें प्रार्थना उचलावयाची ठरली, म्हणजे ती कोणाच्या उपयोगासाठीं उचलली हें बोलणाऱ्यासहि कळेनासें होतें. गप्प बसणें असह्य झाल्यावर 'चला, प्रार्थना करूं' म्हणणारा हा समाचारास आलेल्या त्या गृहस्थांचाच भाऊ नव्हे काय? महिन्यांतून दोनदां हे स्वयंसेवक एकत्र जमून, दुःखिताचें नांव न उच्चारतां, आपलें काम एकमेकांपुढें ठेवतात. ही पळवाट पकडली जाण्याची जागा हीच, आणि आमच्या मतें सगळ्या योजनेंतील मोलाची गोष्टहि हीच.

पुस्तकाची भाषा सोपी असून तें दोन बैठकींत वाचून होतें.