कलादालनातील वाचक

मुंबईस काळा घोडा येथे, जुन्या वस्तुसंग्रहालयाच्या शेजारी, जहांगीर कलादालनाची इमारत उभी आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभारली गेली आणि १९५२ साली मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेव्हापासून तेथे एकामागून एक प्रदर्शने भरत आली आहेत. प्रवेशास मूल्य पडत नाही. नाटकाच्या तिकिटासाठी आपण जितके पैसे आनंदाने खर्च करतो, तितके खर्चून एका कुटुंबास वर्षभर तेथे जाऊन येता येईल. असे असूनही सुशिक्षित मराठी कुटुंबांपैकी किती तेथे नेमाने जातात, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरापुरता सोडवून पाहावा.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी तेथे गेलो होतो. एका दालनात चित्रे होती, दुसऱ्यात शिल्पे, आणि तिसऱ्यात काचेच्या व चिनी मातीच्या तुकड्यांची मोझॅकचित्रे. कलावंतांची नावे मी येथे मुद्दामच देत नाही. त्यांच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचा माझा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते प्रेक्षकांविषयी, आणि त्या प्रेक्षकांत मीही आलोच.

माझ्या पुढे एक सभ्य कुटुंब चालले होते: पती, पत्नी आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. गृहस्थ प्रत्येक चित्राखालची चिठ्ठी प्रथम वाचीत, मग क्षणभर चित्राकडे पाहत आणि पुढे सरकत. चिठ्ठीवर ‘शीर्षकहीन’ असे असले की ते पत्नीकडे वळून हसत. शिल्पांच्या दालनात त्यांचा प्रश्न एकच होता : ‘‘हा पुतळा कोणाचा?’’ तिसऱ्या दालनात मात्र मुलगी एका मोझॅकपाशी थांबली. ती जवळ जाई, मागे येई, एक डोळा मिटून पाही. आईने तिचा हात धरला व म्हणाली, ‘‘चल, पाहून झालं ना?’’

मला प्रथम या मंडळींचे हसू आले. परंतु ते फार वेळ टिकले नाही. कारण त्या दुपारी मीही सर्व चिठ्ठ्या वाचल्या होत्या, आणि त्याही चित्रांच्या आधी. गेली तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना काव्य शिकवीत आहे. कवितेचा सारांश म्हणजे कविता नव्हे, असे मी वर्गात किती वेळा बजावले असेल याची गणतीच नाही. आणि चित्रापुढे उभा राहिलो की मी स्वतः मात्र सारांश मागतो! आपला सुशिक्षित वर्ग ग्रंथांवर वाढलेला आहे. कीर्तन, नाटक, कादंबरी यांनी आपल्या रसिकतेस जे वळण लावले त्याविषयी मी कृतज्ञच आहे. तथापि त्या वळणाचा एक परिणाम असा झाला की आपण कलादालनातही वाचक म्हणूनच शिरतो. तेथे आपणांस कथा हवी असते, आणि कथा नसेल तर निदान नाव तरी.

नावावर संतुष्ट राहण्याचा परिणाम काय होतो, याचे एक बोलके उदाहरण मराठी चित्रकलेतच आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हाती दिवा घेऊन उभी असलेली तरुणी एका हाताने ज्योत झाकते आहे आणि बोटांच्या फटींतून प्रकाश पाझरतो आहे. हळदणकरांनी आपल्या कन्येस समोर उभी करून १९४५ च्या सुमारास हे चित्र काढले. ते राजा रविवर्म्याचे आहे असा समज अनेकांच्या मनात इतका पक्का बसला आहे की तो निघता निघत नाही. वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले. त्यांची कीर्ती मुख्यतः तैलरंगांतील, आणि हे चित्र तर जलरंगांतील आहे. तैलरंगात एका थरावर दुसरा चढवून चूक झाकता येते, अंधारावर मागाहून उजेड ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मुळात कागदाचा पांढरेपणा. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, आणि एकदा गमावला की पुरता परत येत नाही. हे ध्यानी घेऊन पाहिले म्हणजे त्या बोटांमधील तांबूस प्रकाश केवळ गोड वाटत नाही. तो राखण्यासाठी चित्रकाराने किती संयम केला असेल ते जाणवते. ज्याने हे पाहिले, तो कर्त्याचे नाव कदाचित विसरेल. पण चित्र विसरणार नाही.

शिल्पाची गोष्ट याहून निराळी. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ‘मंदिरपथगामिनी’ घडविली. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ती स्त्री छायाचित्रांतून अनेकांना परिचित आहे. सर जॉर्ज बर्डवुडसारख्या इंग्रज जाणत्यानेही तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु छायाचित्रातून आपल्या पदरी तिची एकच बाजू पडते. तिचे चालणे पाहावयाचे तर पाहणाऱ्याने स्वतः चालले पाहिजे. शिल्पाभोवती पावलागणिक निऱ्यांची वळणे बदलतात, एक कडा लपते व दुसरी उघडी पडते. देहाचा तोल कोणत्या पायावर आहे हे कळू लागते. समोर उभे राहून ‘कोणाचा पुतळा?’ असे विचारणाऱ्यास यांतले काहीच मिळत नाही.

आणि येथे प्रश्न केवळ प्रेक्षकाच्या आनंदाचा राहत नाही. समाज कलावंतापाशी जे मागतो, तेच बहुधा त्यास करावे लागते. म्हात्र्यांच्या पुढील आयुष्याचा मोठा भाग राजेरजवाडे व धनिक यांचे पुतळे घडविण्यात गेला. विनायकराव करमरकरांचा पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, १९२८ सालचा, सर्वतोमुखी झाला, आणि तो त्या कीर्तीस योग्यच आहे. परंतु अलिबागजवळ सासवणे येथे त्यांचे जे घर आज संग्रहालयरूपाने उभे आहे, तेथे जाऊन पाहावे. गावची माणसे, कोळीण, जनावरे त्यांनी तेथे साध्या सिमेंटमध्ये घडविली आहेत. कोणी मागितली म्हणून नव्हे, आपली दृष्टी तेथे खिळली म्हणून. इतका थोर शिल्पकार ब्राँझमध्ये समाजाने मागितलेले देत होता आणि स्वतःच्या मनातले सिमेंटमध्ये ठेवीत होता, याचा विचार आपण करावयास नको काय? ज्या कोळिणीचे नाव कोणास ठाऊक नाही, तिचा पुतळा मागणारा समाज त्यांना लाभला नाही.

मोझॅक ही कला आपल्याकडे परकी मानली जाते. पण तिचे द्रव्य आपल्या डोक्यावर आणि पायाखाली आहे. मुंबईपुण्याच्या कित्येक गच्च्यांवर गवंडी चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या तुकड्यांचे ‘चायना मोझॅक’ बसवितो. हेतू एवढाच की ऊन परतावे आणि पाणी मुरू नये. कलावंत तेच तुकडे घेतो, पण प्रत्येकाचा रंग आणि कल तोलून बसवितो. इटलीतील राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातल्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन व राणी थिओडोरा यांची मोझॅकचित्रे आहेत. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवून तेथले सोनेरी तुकडे केलेले आहेत, आणि ते सर्व एका पातळीत नाहीत. प्रत्येकाचा कल किंचित निराळा असल्यामुळे पाहणारा हलला की भिंतीवरचा प्रकाशही हलतो. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या व कपबश्या वापरून माणसांची आणि पशुपक्ष्यांची जी सृष्टी निर्माण केली, तिचीही शक्ती तुकड्यांच्या मांडणीतच आहे. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या आजीस हे रहस्य पुरते माहीत होते. ठिपका जवळून ठिपका असतो. चार पावले मागे गेले की तो कमळाची पाकळी होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. ‘‘आजचे कलावंतच दुर्बोध झाले आहेत, चित्रात काही नसेल तर आम्ही पाहावे तरी काय?’’ दुर्बोधतेच्या आड दारिद्र्य झाकणारी कामे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या दुपारीही काही होती. परंतु खरे आणि खोटे यांची निवड करण्यास डोळाच लागतो. नागपुरास १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या प्रौढ चित्रांत माणूस नाही, झाड नाही, कथा नाही. रोलरने रंगाचे थर देऊन, सुरीने ते काही ठिकाणी काढून, त्यांनी असा पृष्ठभाग सिद्ध केला की त्यात दृष्टी पाण्यात उतरावी तशी हळूहळू उतरते. दोन मिनिटांत तेथे काहीच दिसत नाही. दहा मिनिटांत दिसू लागते. २००१ साली ते गेले. २०१५ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या एका चित्रास एकोणतीस कोटींहून अधिक रुपये आले, तेव्हा आमच्या ओळखीच्या अनेकांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले. ज्यांना चित्र पाहता येत नाही त्यांना अखेर किंमतच वाचावी लागते. मग कोणते चित्र थोर हे ठरविण्याचा अधिकार आपोआप धनवंतांकडे जातो, आणि आपण तक्रार करीत बसतो की कलावंत आम्हांस विचारीत नाहीत.

संगीतात असे झाले नाही. रागाचे शास्त्र न शिकताही, केवळ ऐकून ऐकून, आपल्या घरांतील माणसांचा कान तयार झाला. गायक बेसूर झाला की मागच्या रांगेतील श्रोताही अस्वस्थ होतो. डोळा तयार करण्याचा मार्ग याहून वेगळा नाही. कलादालनात शिरल्यावर पन्नास कामे पाहू नयेत, पाच पाहावीत. चिठ्ठी शेवटी वाचावी. चित्रापुढे थांबावे, शिल्पाभोवती फिरावे, मोझॅकजवळ जाऊन पुन्हा मागे यावे. आणि घरी परतल्यावर ‘काय होते?’ याऐवजी ‘कसे होते?’ असे एकमेकांस विचारावे. मुलांना बरोबर न्यावे. ती थांबली तर त्यांचा हात ओढू नये.

ते कुटुंब निघून गेल्यावर मी त्या मोझॅकपाशी गेलो. जवळून पाहता निळ्या, राखी व पांढऱ्या कपच्या आणि त्यांमधल्या चुन्यासारख्या रेघा, याखेरीज काही नव्हते. आसपास कोणी नाही अशी खात्री करून घेऊन मी मागे सरलो आणि एक डोळा मिटला. ते पावसाळ्यातले तळे होते. खाली चिठ्ठी होती; ती मात्र त्या दिवशी मी वाचली नाही.