भाजण्याची चार नावं

तव्याचा चटका बसतो, चहानं जीभ पोळते, वाफेनं हात भाजतो आणि आगीत माणूस होरपळतो. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा वापरत नाही. किती भाजलं हे मराठीला क्रियापदातच सांगायची सवय आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय वाचताना मला ही सवय पुन्हा भेटली. तिथेही चार शब्द आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी डल्हणाच्या टीकेसह सिद्ध केलेली आवृत्ती मी वाचतो. बाराव्या अध्यायाची पानं तिच्यात जेमतेम काहीच आहेत, पण मी सर्वांत जास्त वेळा उलटली ती हीच.

गंमत अशी, की हा अध्याय मुळात अपघातांवर नाहीच. त्याचं नाव ‘अग्निकर्मविधी’, म्हणजे वैद्यानं मुद्दाम डाग कसा द्यायचा याची रीत. कातडीला डाग द्यायचा तर पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, सळई. मांसापर्यंत जायचं तर धातूची उपकरणं. शिरा, स्नायू, सांधे, हाडं इथवर पोचायचं तर मध, गूळ आणि तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ. जितकं खोल जायचं तितकी उष्णता धरून ठेवणारी वस्तू. मग डाग नीट बसला हे ओळखायचं कसं? कातडी जळली की आवाज येतो, घाण वास सुटतो, ती आक्रसते. मांसाला आच पोचली की जागा पारव्याच्या रंगाची होते. मी इथे दर वेळी थबकतो. पारव्याची राखाडी झाक ज्यानं भाजलेल्या मांसात ओळखली, तो त्या जखमेवर किती जवळून वाकला असेल! शिरा-स्नायूंची जखम काळी आणि उंचवट्याची, सांधे-हाडांची रुक्ष, तांबूस, खरखरीत. कान, नाक, डोळे, बोटं या सगळ्यांना इथे काम दिलेलं आहे.

आणि मग, हातात तापलेली सळई असतानाच, ग्रंथकार वळतो. आता ‘इतरथादग्ध’ सांगतो, म्हणतो. इतरथा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी तऱ्हेनं, न ठरवता भाजलेलं. या एका शब्दानं शस्त्रकर्माच्या खोलीचं दार उघडतं आणि स्वयंपाकघर, वणवा, वीज सगळं आत येतं. पहिलंच निरीक्षण स्वयंपाकघरातलं आहे: तापलेलं तेल-तूप सूक्ष्म शिरांतून झिरपत त्वचेच्या आत शिरतं, म्हणून त्याचं भाजणं अधिक दुखतं. दिवाळीत करंज्या तळताना आईच्या मनगटावर तेल उडालं होतं. तिनं हात झटकला, पण पाण्यासारखं ते घरंगळून गेलं नाही; बांगडीखाली चिकटून राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे मण्यांसारखे फोड ओळीनं उभे राहिले. आज आपण म्हणू, तेल पाण्याहून कितीतरी जास्त तापतं आणि अंगाला धरून राहतं. शिरांचं स्पष्टीकरण गेलं तरी निरीक्षण राहतं.

आता त्या चार नावांकडे. प्लुष्ट म्हणजे रंग बदललेलं, नुसता चटका बसलेलं. दुर्दग्धात फोड, आग, लाली, फार वेदना आणि सावकाश ओसरणं. सम्यग्दग्ध फार खोल न गेलेलं, ताडफळाच्या रंगाचं, नीट बसलेलं. अतिदग्धात मांस लोंबतं, शिरा, स्नायू, सांधे, हाडं उद्ध्वस्त होतात; ताप, तहान, मूर्च्छा येते; व्रण उशिरा भरतो, वेगळ्याच रंगाचा होतो. आजचं वर्गीकरणही खोलीवरच उभं आहे. मला मात्र ‘सम्यक्’ या शब्दाचं विशेष वाटतं. अपघातात कोणी ‘नीट’ भाजत नाही. हा शब्द वैद्याच्या स्वतःच्या कामाचा आहे, आणि ही चारही लक्षणं वैद्याला त्याच्या कामात उपयोगी पडतात असं ग्रंथ सांगतोच. म्हणजे रोग्याची जखम आणि वैद्याचा हात एकाच पट्टीवर मोजले जातात. डाग देताना कमी पडलं, बरोबर झालं की अति झालं, याचा हिशोब त्यालाही द्यायचा आहे.

या पट्टीत एक माप नाही: विस्तार. अतिदग्धातली तहान आणि मूर्च्छा ग्रंथकारानं पाहिली. ती रक्तातला द्रव पाझरून गेल्यानं येते, हे कळायला फार काळ जावा लागला. आज रुग्णाचा बोटांसकट तळहात अंगाचा साधारण 1 टक्का धरून भाजलेला भाग मोजतात. मोठ्या माणसाला मोठ्या भाजण्यात दर किलो वजनाला, दर टक्क्याला 2 ते 4 मिलिलिटर या हिशोबानं पहिल्या 24 तासांचं सलाईन ठरतं, आणि त्यातलं निम्मं भाजल्यापासूनच्या पहिल्या 8 तासांत जातं.

उपचारांत मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. प्लुष्टाला तो शेक सांगतो. गार पाण्यानं रक्त गोठतं, असा त्याचा तर्क आहे. आज उलटं पक्कं ठाऊक आहे: नळाचं वाहतं गार पाणी, 20 मिनिटं, बर्फ नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही. पण अतिदग्धात सुटलेलं मांस काढून टाकायला आणि व्रण गुळवेलीच्या किंवा कमळासारख्या पाण्यातल्या पानांनी झाकायला तो सांगतो, तिथे आजचा सर्जनही मान डोलावेल. मेलेलं काढायचं, उघडं झाकायचं.

अध्यायाचा कळस मात्र धुरात आहे. धुरानं गुदमरलेल्याच्या अंगावर कदाचित एकही जखम नसते. श्लोक सुरू होतो तोच श्वासापासून: तो धापा टाकतो, शिंकतो, खोकतो. मग डोळे जळजळतात, लाल होतात. उच्छ्वासाला धुराचा वास. दुसरा कुठला गंध त्याला कळत नाही, मग चव जाते, मग ऐकू येणं मंदावतं. तहान, दाह, ताप. तो खचतो आणि बेशुद्ध पडतो. माणसाची एकेक खिडकी बंद होत जाते आणि आपण बाहेरून बघत असतो. आजही आगीतून काढलेल्या माणसाची आधी श्वासवाट तपासतात: नाकातले केस करपलेत का, थुंकीत काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का. हाताची जखम कितीही भयंकर दिसो, ती नंतर. पुढे ग्रंथकार वांती करवायला सांगतो, ते आज कोणी करणार नाही. द्यायचा तो ऑक्सिजन.

शेवटी वीज येते. अतितेजानं जळलेल्यावरच्या उपचाराला यश नाही, असं तो स्पष्ट सांगतो. आणि लगेच पुढे: इंद्राच्या वज्राग्नीनं भाजलेलाही जिवंत असेल, तर त्याच्यावर उपचार करावेत. तेलाचं अभ्यंग, धारा, लेप असं तो नेहमीच्या स्वरात सांगू लागतो, जणू मधे काही थांबलंच नव्हतं.