लोकराजाचे रसिक : दशावतारी नटाची कीर्ती कशावर टिकते?

कुडाळ-मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात जत्रेला निघालेला माणूस आज कोणते नाटक आहे, असे सहसा विचारत नाही. कंपनी कोणाची, हे तो विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "राजा कोण आसा?" आख्यान कोणते ते रंगात आल्यावर कळेलच. कित्येकदा ते कंपनीलाही संध्याकाळपर्यंत पक्के ठाऊक नसते. म्हणजे प्रेक्षक नाटकाला जात नाही, नटाला जातो. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात शहरांतही असेच होते, पण तिथे निदान नाटकाचे पुस्तक छापलेले असे. इथे नट बाजूला काढला तर हातात कागदसुद्धा राहत नाही.

सुधीर कलिंगण जानेवारी २०२२ मध्ये गेले. नेरूरचे कलिंगण, कलेश्वर दशावतार नाट्यमंडळाचे. वडील बाबी कलिंगण हे स्वतः नावाजलेले दशावतारी आणि मुलगा सिद्धेश आज त्याच रंगात उभा आहे. 'लोकराजा' ही उपाधी लोकांच्या तोंडी इतकी रुळली की पुष्कळांना ती नावाचाच भाग वाटते. त्यांच्या जाण्याला आता काही वर्षे झाली, तरी जत्रांचा हंगाम सुरू झाला की त्यांचा विषय निघतो, त्यांच्या जुन्या प्रयोगांच्या चित्रफिती मुंबईतल्या चाळींपासून गोव्यातल्या पेडण्यापर्यंत फोनवर पाहिल्या जातात. हे प्रेम खरे आहे. या लेखाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : या प्रेमातून त्यांच्या कलेविषयी आपल्याला काय कळते? माझे उत्तर थोडे कडू आहे. फारच थोडे कळते, आणि त्याचा दोष रसिकांपेक्षा मराठी समीक्षेकडे अधिक जातो.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेतो. आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर डोनेगल परगण्यात बॅलिशॅनन नावाचे छोटे गाव आहे. तिथे २ मार्च १९४८ रोजी रॉरी गॅलॅगर जन्मला. पुढे कॉर्क शहरात वाढला, ब्लूज-रॉक वाजवणारा गिटारवादक म्हणून जगभर हिंडला आणि १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी वारला. ब्लूज ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी, तिचा साचा अगदी साधा. बहुधा बारा मात्राखंडांचे आवर्तन, तीन मुख्य स्वरमेळ, आणि त्या चौकटीत वादकाने त्या रात्री जे सुचेल ते वाजवायचे. चौकट सगळ्यांना पाठ, त्यामुळे ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष आत काय घडते त्याकडे. आपल्याकडच्या आख्यानाची रीत याहून फार वेगळी नाही. 

गॅलॅगरच्या चाहत्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांचे प्रेम तपशिलाचे आहे. १९६३ साली कॉर्कच्या दुकानातून शंभर पौंडांना, तेही उधारीवर घेतलेली त्याची १९६१ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार. तिचा ६४३५१ हा क्रमांक चाहत्यांना पाठ आहे. घामाने तिचा रंग कसा उडत गेला, हेही त्यांना ठाऊक. १९७४ च्या जानेवारीत बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते, बाहेरचे कलाकार तिकडे फिरकत नव्हते, तेव्हा हा गडी तिथे वाजवायला गेला. त्या दौऱ्याची ध्वनिमुद्रिका निघाली, चित्रपट निघाला. त्यामुळे आज पन्नास वर्षांनीही एखादा पोरगा तेच गाणे दोन वेगवेगळ्या रात्रींचे ऐकून फरक सांगू शकतो. बॅलिशॅननला २०१० पासून त्याचा पुतळा आहे, दरवर्षी त्याच्या नावाने महोत्सव भरतो. २०२४ मध्ये ती गिटार लंडनच्या लिलावात जवळजवळ नऊ लाख पौंडांना गेली आणि घेणाऱ्याने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठीच घेतली. पुतळे आणि पैसे यांचे मला विशेष अप्रूप नाही. हेवा वाटतो तो दोन रात्रींमधला फरक सांगता येण्याचा.

कारण दशावताराचा मूळचा रसिक हा फरक सांगू शकतो, अगदी बारकाईने. तो फक्त लिहून ठेवत नाही.

राजाची भूमिका कशाची बनलेली असते ते पाहू. पालखी फिरून देवळात गेली की उशिरा रात्री खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार : गणपती, रिद्धी-सिद्धी, भट, सरस्वती, ब्रह्मदेव आणि मग काळा संकासुर, ज्याची मालवणी ऐकायला पोरे जागी राहिलेली असतात. त्यानंतर आख्यान. पडदा नाही, देखावा नाही, एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच वनातली शिळा. एका बाजूला पेटी, पखवाज, झांज. राजा नाचत येतो, पखवाजाच्या बोलांवर पावले टाकत रंगात फेर धरतो, आणि बाकड्यापाशी थांबून बोलू लागतो.

हे बोलणे हा या कलेचा गाभा आहे, असे मला वाटते. दिवसभर शेतात, बागायतीत किंवा नोकरीत मालवणी बोलणारा माणूस रात्री संस्कृतप्रचुर, घाटदार मराठी बोलतो. ती मराठी त्याला कुठल्या शाळेने शिकवलेली नसते. श्रीधराचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप', कीर्तनकारांची निरूपणे, नाट्यपदांची भाषा, आणि बापाच्या किंवा थोरल्या नटाच्या शेजारी उभे राहून कानावर पडलेले संवाद, यांतून ती घडते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता जाणता नट कथा सांगतो : अमुक प्रवेशात तू येशील, इथे शाप, तिथे वियोग, युद्ध शेवटी. पुढचे सगळे जागेवर. समोरच्या स्त्रीपार्टीने अनपेक्षित प्रश्न टाकला तर राजाला धर्मशास्त्राच्या सुरात, पात्राला शोभेल असे उत्तर त्याच क्षणी द्यावे लागते. वाक्य लांबले आणि क्रियापद सापडले नाही, तर समोरच्या चटईवरची म्हातारी ते हेरते. तिला व्याकरण येत नाही, पण राजा कसा बोलतो ते येते.

तिसऱ्या प्रहराला गारठा वाढतो. खाजे-भज्यांच्या दुकानांशी गर्दी पांगते, पोरे गोधडीत झोपलेली असतात. नेमका तेव्हाच आख्यानातला करुण प्रसंग येतो. राज्य गेलेला राजा वनात बायकोची किंवा मुलाची समजूत घालतो आणि पदाला हात घालतो. इथे पेटीवाल्याचे काम सुरू होते. नटाच्या शेवटच्या शब्दावरून त्याला पट्टी ओळखायची असते, ओळ लांबली तर सावरायचे असते, आवाज बसला असेल तर सूर भरून तो झाकायचाही असतो. पद किती वेळ चालवायचे, हे समोरचे लोक जागे होतात की नाही त्यावर. गॅलॅगर एखाद्या गाण्याच्या मध्यभागी लांबत जायचा तेव्हा त्याचा ढोलवादक आणि बासवादक जे करत, तेच इथला पेटीवाला आणि पखवाजी करतात. फरक इतकाच की तिकडच्या चाहत्याला त्या साथीदारांची नावे पाठ असतात. आपल्याकडे पेटीवाल्याचे नाव जाहिरातीच्या फलकावर आले तर आले.

आता 'लोकराजा'विषयी लोक काय बोलतात ते ऐकावे. "असो राजा परत होवचो नाय." "तो रडलो की सगळी जत्रा रडा." हे कौतुकाचे अंतिम निकाल आहेत. कारणे त्यांच्यामागे होती, पण ती निकालात विरघळून गेली. जरा खोदून विचारले की तोच माणूस खुलतो. कुठल्या जत्रेत, समोर कोण होता, कुठल्या वाक्यावर त्यांनी आवाज खाली आणला, एरवी लांबवायचे ते पद त्या रात्री दोन ओळींत का संपवले. ही शुद्ध समीक्षा आहे, आणि ती कुठेही छापली जात नाही. ती सांगणाऱ्यांनी ज्यांचे राजे पाहिले ते बाबी कलिंगण, बाबी नालंग यांच्या पिढीचे नट आता केवळ आठवणीत आहेत, आणि त्या आठवणी सांगणारेही म्हातारे झाले आहेत.

मराठी नाट्यसमीक्षेने दशावताराकडे पाहिले ते बहुधा मूळ शोधण्यासाठी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते; मग दशावताराशी नाते काय, यक्षगानाशी काय, असा तो वाद. वाद मोलाचा आहे, पण त्यात दशावतार हा पूर्वज म्हणूनच उभा राहतो, आणि पूर्वजाला कोणी चालू हंगामाचा प्रयोग कसा झाला, असे विचारत नाही. बालगंधर्वांच्या एकेका पदाच्या एकेका जागेवर मराठीत पाने भरली. त्यांच्या समकालीन दशावतारी राजांविषयी एक परिच्छेद सापडणे मुश्कील.

शहरी प्रेक्षकाला दशावतारी नट भेटला तो 'वस्त्रहरण'मधून. गंगाराम गवाणकरांचे हे नाटक १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. मालवणीला त्याने महाराष्ट्रभर प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद. पण त्यातली गंमत गावच्या हौशी मंडळींच्या फजितीची आहे, आणि ज्याने खरा दशावतार कधी पाहिलाच नाही त्याच्या मनात तीच फजिती दशावतार म्हणून बसली. पहाटे चारला शांतपणे शोक उभा करणारा राजा त्या चित्रात मावत नाही. २०२५ च्या 'दशावतार' चित्रपटाने म्हाताऱ्या कलावंताला आदराने पडद्यावर आणले, दिलीप प्रभावळकरांनी तो मनापासून केला, पण चित्रपटाचा विषय कलावंताचे आयुष्य हा आहे. त्याचा एखादा प्रयोग कसा रंगतो, हे पाहायला जत्रेतच जावे लागते.

राहिल्या चित्रफिती. त्या शेकड्यांनी आहेत आणि त्या नसत्या तर काहीच नसते, म्हणून काढणाऱ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. मात्र पुष्कळ ठिकाणी राजाचे नाव ठळक आणि बाकी काही नाही. गाव कोणते, तारीख कोणती, आख्यान कोणते, स्त्रीपार्ट कोणाचा, राक्षस कोण, पेटीवर आणि पखवाजावर कोण, यांतले काहीच नसेल तर दोन रात्रींची तुलना करायची कशी? शिवाय कापलेल्या तुकड्यांत रडण्याचे आणि तलवारीचे प्रसंग टिकतात. मधली संथ, बोलकी पाऊण घटका, जिच्यात नट खरा जोखला जातो, ती गळते. नव्या पोराला त्यातून राजा म्हणजे आरडाओरडा आणि हुंदका एवढेच कळले तर नवल नाही. ट्रिकसीनची नाटके आणि निवडक नट एकत्र आणणारे संयुक्त दशावतार यांनीही ठळक क्षणांची भूक वाढवली आहे. त्यांना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. कलाकाराच्या हातात त्यामुळे चार पैसे अधिक पडतात.

याचा सर्वांत मोठा फटका पुढच्या पिढीला बसतो. सिद्धेश कलिंगण किंवा दुसरा कोणताही तरुण राजा रंगात आला की लोक त्याच्यात बापाला किंवा जुन्या राजाला शोधतात. "तंतोतंत तसोच" हे सर्वांत मोठे शाबासकीचे वाक्य. पण बाबी कलिंगणांचा मुलगा तंतोतंत बाबी कलिंगण राहिला असता, तर 'लोकराजा' ही वेगळी उपाधी जन्मलीच नसती. जुना राजा प्रसंगागणिक काय काय बदलत असे, हे तपशिलाने सांगणारा रसिक तरुण नटाला मोकळे करतो. नुसता "तसा राजा होणे नाही" म्हणणारा त्याला नकलेत अडकवतो, तेही प्रेमापोटी.

तुळशीचे लग्न झाले की कंपन्या पुन्हा बाहेर पडतील, पेटारे टेंपोत चढतील. सातेरी, रवळनाथ, रामेश्वराच्या देवळांपुढे चटया पसरल्या जातील आणि ज्यांनी तीस-चाळीस हंगाम पाहिले आहेत अशी माणसे खांबाला टेकून बसतील. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसायला फार काही लागत नाही. पहिल्या ओळीत तारीख आणि देवस्थान लिहावे, दुसरीत पेटीवाल्याचे नाव.