खदखद आणि आंबणं

साताऱ्याच्या प्रतिसरकारवर लिहिताना एक शब्द हटकून येतो: खदखद. असंतोष खदखदत होता, बेचाळीस साली उकळी फुटली. कडेगाव, कुंडल, तासगाव, वाळवा हा तेव्हाच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग. १९४९ साली तो वेगळा झाला आणि १९६० साली त्याचा सांगली जिल्हा झाला. त्याच्यावरच्या अनेक गौरवलेखांत हीच चूल पेटलेली असते.

ही प्रतिमा अपुरी आहे. उकळायला बाहेरून जाळ लागतो. जाळ काढला की भांडं निवतं. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, धरपकड झाली. निवायला एवढं पुरेसं होतं. पण प्रतिसरकार उभं राहिलं ते त्यानंतर, १९४३ मध्ये, आणि १९४६ पर्यंत चाललं. याला आंबणं म्हणावं. त्याला ऊब लागते, वेळ लागतो आणि विरजण लागतं. इथलं विरजण सत्यशोधक चळवळीचं, म्हणजे जुनंच होतं. लॅटिनमध्ये 'फर्मेंट'चं नातं उकळण्याशी आहे. मराठीने या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या, पण आपण तो फरक वापरत नाही.

लीबिगच्या मते किण्वन म्हणजे कुजणाऱ्या द्रव्याने इतरांत पसरवलेली विघटनाची हालचाल. पाश्चरने १८५७ पासून दाखवलं की ते जिवंत पेशींचं काम आहे. इंग्रज सरकारलाही साताऱ्यात दरोडेखोरी, म्हणजे कुजणंच दिसत होतं. गावोगावची न्यायमंडळं, दारूबंदी, कमी खर्चातली गांधी-लग्नं यांतलं जिवंतपण त्याच्या हिशेबात नव्हतं.

तरी ही प्रतिमाही एका जागी तुटते. यीस्टला निवड नसते. भूमिगतांना भाकरी बांधून देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बायामाणसांना होती. पकडलं गेलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. 'समाज आंबत होता' असं लिहिलं की हे ठरवणं पुसलं जातं.

आणि एका जागी ती नको इतकी खरी ठरते. यीस्ट आपणच तयार केलेल्या अल्कोहोलात मरतं. स्वराज्य आलं, सत्ता आली, आणि न्यायमंडळांची गरज संपल्याचं ठरलं. दारूबंदी राबवलेल्या याच मुलखात आज साखर कारखान्यांची मळी आंबवून अल्कोहोल काढतात. गौरवलेखांत हा भाग येत नाही, कारण उकळीची गोष्ट फेसापाशीच संपते. पुढच्या लेखकाने फेसाखाली काय उरलं ते विचारावं, आणि ते कोणी ठरवलं हेही.