कायद्यातलं माहेर

मातृत्व लाभ कायदा हा तसा छोटा मजकूर आहे. फोनवर बसल्या बैठकीला वाचून होतो. १९६१ साली तो आला, २०१७ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर त्याची कलमं, थोडेफार शब्द इकडेतिकडे होऊन, त्या संहितेत राहायला गेली. बहुतेक जण त्यात एकच आकडा शोधतात : २६ आठवडे. तो सापडला की वाचन संपतं. मला तो एखाद्या कथेसारखा वाचायचाय. यात पात्रं कोण, कुणाच्या वाट्याला काय काम आलंय आणि कोण फिरकतच नाही, एवढंच बघायचंय.

पात्रं मोजकी आहेत. एक नोकरी करणारी स्त्री. तिने बाळंतपणाआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असलं पाहिजे. एक मालक, ज्याने पगार द्यायचा आणि रजेच्या काळात तिला काढायचं नाही. एक मूल. आणि अधूनमधून येणारा सरकारी निरीक्षक. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यापुढे १२. गर्भपात झाला तर सहा आठवडे. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन वेळा सुट्टी. हे सगळं नीट लिहिलेलं आहे, आणि जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा उदार आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार किमान १४ आठवडे मागतो, आपण त्याच्या पुष्कळ पुढे आहोत.

बापाला मात्र या कथेत काम नाही. एका दिवसाचंही नाही.

त्याची गैरहजेरी सगळ्यात जास्त कुठे टोचते, ते सांगते. २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा दिली. कुणाला? स्त्रीला. मूल ज्या पाळणाघरात झोपलंय, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बाप काम करत असेल, तरी या कलमाला तो माहीत नाही.

दुसरी जागा याहून विलक्षण आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या रजेच्या काळात स्त्री दगावली आणि मूल मागे राहिलं, तर मालकाने पूर्ण काळाचा लाभ द्यायचा. तो तिने नेमलेल्या माणसाला मिळतो, कुणी नेमलेलं नसेल तर कायदेशीर वारसाला. त्या काळात मूलही गेलं, तर पैसे मुलाच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचेच. हे कलम मी तीनदा वाचलं. मूल जिवंत आहे तोवर त्याला कुणीतरी सांभाळतंय, त्या सांभाळण्याला पैसे लागतात, हे कायद्याला कळलेलं आहे. पण सांभाळणाऱ्याला वेळही लागतो, हे त्याला सुचत नाही. आई नसलेल्या तान्ह्या बाळाचा बाप इथे फार तर रक्कम घेऊन सही करणारा माणूस म्हणून येऊ शकतो.

हे कथानक आपल्या ओळखीचं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना अंधारी खोली, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला लावायला येणारी बाई. उठबस आई करणार, आजी हुकूम सोडणार. जावई बारशाला पाहुणा म्हणून येणार, बाळाच्या अंगावर काहीतरी सोन्याचं घालणार, जेवणार आणि आपल्या गावी जाणार. या रीतीत बाईला विश्रांती मिळायची, हे खरंच आहे, आणि सासरच्या रगाड्यातून सुटका म्हणून तिचं मोल मोठं होतं. आपला कायदा म्हणजे याच माहेराचं सरकारी भाषेतलं रूप आहे. सव्वा महिन्याचे २६ आठवडे झाले, खर्च वडिलांऐवजी मालकाकडे गेला. पाहुणा मात्र पाहुणाच राहिला.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे : बाळंत बाई होते, टाके तिला पडतात, दूध तिला येतं, मग रजा बापाला कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्याचं उत्तर याच कायद्यात आहे. तीन महिन्यांहून लहान मूल दत्तक घेणाऱ्या आईला २०१७पासून १२ आठवडे रजा मिळते. सरोगसीतून मूल मिळवणाऱ्या आईलाही तेवढीच. या दोघींना टाके पडलेले नाहीत. म्हणजे रजा दोन कारणांसाठी असते, एक शरीर सावरण्यासाठी आणि दुसरं मूल सांभाळण्यासाठी, हे कायद्याने स्वतःच मान्य केलंय. मग दत्तक आईला मिळणारे ते १२ आठवडे दत्तक बापाला का नाहीत? इथे शरीराचं कारण संपतं आणि उरते ती फक्त सवय.

त्या सवयीची किंमत घरात कशी चुकती होते, हे मी पाहिलंय. मला २६ आठवडे मिळाले, नवऱ्याला त्याच्या कंपनीच्या धोरणानुसार पाच दिवस. त्यातले तीन दवाखान्यातच गेले. सहा महिन्यांनी मला रडण्याच्या सुरावरून भूक आणि झोप वेगळी ओळखता यायची, त्याला मला विचारावं लागायचं. त्याची इच्छा माझ्याइतकीच होती. सराव माझ्या दशांशानेही नव्हता. आमच्या घरात 'मदत' हा शब्द तेव्हा शिरला. तो मला मदत करायचा. स्वतःच्या मुलाला आंघोळ घालण्याला मदत म्हणणारी भाषा अशा पाच दिवसांतूनच तयार होते.

दुसरी किंमत घराबाहेर पडते, आणि तिचा संबंध पैसे कोण देतं याच्याशी आहे. ही रजा मालकाच्या खिशातून जाते. त्यामुळे मुलाखतीत पंचविशीतल्या मुलीला 'लग्नाचं काय ठरलंय?' असं हसत हसत विचारलं जातं आणि तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला नाही. कारण तो कधी रजेवर जाणारच नाही, याची हमी कायद्यानेच दिलेली असते.

हा प्रश्न नवा नाही. जुलै १९२८मध्ये मुंबई विधान परिषदेत गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. सरकार तो उचलत नाही तोवर मालकाकडून घेणं त्यांना गैर वाटत नव्हतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. त्यातला 'तोवर' अजून संपलेला नाही.

दुसरी वाट आपल्याकडे नाही असंही नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, आणि प्रसूतीचे पैसे त्या सामाईक निधीतून येतात. मालकाने बाई ठेवली काय, पुरुष ठेवला काय, हप्ता तोच. पण २०१७ साली या योजनेची पगारमर्यादा महिना २१ हजार रुपये ठरली. त्यावर पगार गेला की बाई पुन्हा मालकाच्या खर्चाच्या खात्यात. स्वीडनने विम्याची हीच कल्पना पुढे नेली. तिथे १९७४ साली मातृत्व रजेची पालकत्व रजा झाली. आज एका मुलामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकाच्या नावावर राखीव असतात. बापाने ते घेतले नाहीत तर आईला देता येत नाहीत, बुडतात. हा 'बुडतात' शब्द फार कामाचा आहे. कारण मग सुट्टी मागणाऱ्या बापाला 'बायको आहे ना घरी?' असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रासाठी कायदा नाही, कंपनीची मर्जी आहे. २०१७ साली हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं. १५ दिवस, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील अशी रजा, आणि असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही लाभ. खासगी विधेयक संसदेत संमत होण्याची शेवटची वेळ १९७०ची, तेव्हा याचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

असंघटित क्षेत्र म्हटलं की माझ्या वाचनालाही कुंपण पडतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात, दुसऱ्याच्या शेतात, घरकामात ही कथा सुरूच होत नाही. तिथे मातृवंदना योजना आहे. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ साली किमान सहा हजार रुपये म्हटलं होतं, योजनेने पहिल्या मुलासाठी पाच हजार ठरवले. दुसऱ्या मुलासाठी सहा हजार, पण ती मुलगी असेल तरच. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात, उचल दोघांच्या नावावर असते आणि खाडा झाला तर तोही दोघांच्या हिशोबात. कामाच्या वेळी तिथे जोडपं एक धरलं जातं. रजेच्या वेळी दोघांपैकी कुणीच नसतं.

म्हणून २६चे ३० आठवडे करा, ही मागणी मला अपुरी वाटते. आठवडे वाढवले की माहेर मोठं होईल, मुलाखतीतलं हसूही रुंदावेल. मला हवा असलेला मजकूर वेगळा आहे. शरीर सावरण्याची रजा आईची. सांभाळण्याची रजा दोघांची, बापाचा वाटा राखीव आणि न घेतल्यास बुडणारा. पैसे सामाईक निधीतून, ज्यात कोयतेकरी आणि घरकामवालीही मोजली जाईल. आणि पाळणाघराच्या कलमात 'स्त्रीला'च्या जागी 'पालकाला'. हा शेवटचा बदल एका शब्दाचा आहे, त्याला एक रुपया लागत नाही. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?